पालथ्या डब्या

इस्तूमामांच्या खिशात काडेपेटी मी कधी पाहिली नाही, आणि विस्तवावाचून त्यांचं अडलेलंही कधी पाहिलं नाही. वारा सुटलेला असो, नाहीतर झिमझिम चालू असो, मामा एक पाय लांब पसरून जमिनीवर बसायचे आणि कमरेची चंची सोडायचे. डाव्या हातात गारगोटी, तिच्या कडेवर अंगठ्याखाली दाबून धरलेला चिमूटभर काळा कापूस, उजव्या हातात जुन्या कानशीचा तुकडा. खट्, खट्. दोन-तीन वेळा पोलाद घसटलं की कापसावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटायचा. तो वाळल्या गवताच्या पुंजक्यात ठेवून मामा हळूच फुंकर घालायचे, आणि जाळ उभा राहिला की म्हणायचे, "झालं!" दाराची कडी काढून दिल्यासारखं म्हणायचे, त्यात काही विशेष केल्याचा भाव नसे. वस्तीवर विस्तवाला इस्तू म्हणत, म्हणून ते इस्तूमामा. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं आणि ते मला कधी त्यांचं वाटलंच नाही.

वेरूळच्या लेण्यांच्या मागे डोंगर चढून गेलं की पठारावर धनगरांची एक लहानशी वस्ती होती. मी त्या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. काम मेंढरांना लस टोचण्याचं आणि जखमा धुण्याचं, पण वस्तीनं मला पहिल्याच दिवशी डॉक्टर करून टाकलं आणि मीही फारशी हरकत घेतली नाही. आईवडील गेलेले, बहीण परभणीला दिलेली, औरंगाबादच्या घराला कुलूप. खाली रस्त्यालगत एक खोली घेऊन मी एकटाच राहायचो. संध्याकाळ झाली की त्या खोलीत मला बसवत नसे. लेणी पाहायला आलेली माणसं गेली की सगळं गाव एकदम माझ्यासारखंच रिकामं व्हायचं. तेव्हा औषधाची पिशवी खांद्याला लावून डोंगर चढायचा, हे मी कामाच्या नावाखाली पुष्कळदा केलं आहे.

पहिल्या भेटीतच मी माझी शोभा करून घेतली. मामांच्या अंगणात सुपात काळपट गोल गोळ्या वाळत घातल्या होत्या, बोरापेक्षा जरा मोठ्या. पाहुण्याला काहीतरी देणार म्हणून मी आपण होऊनच एक उचलली आणि तोंडाशी नेली. मामा ओरडले, "ओ डाक्टर, ते खायाचं न्हाय, पेटवायचं!" वाळक्या लेंड्यांचा चुरा सालईच्या डिंकात मळून त्या केल्या होत्या. ओल्या दिवसांत लाकडं धरेनाशी झाली की खाली एक गोळी ठेवायची, ती पावसाला न जुमानता घटकाभर जळते. आतून मामी हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खाऊ द्या की. प्वाट गरम ऱ्हाईल त्यांचं." तेव्हापासून मी गेलो की मामी आधी चहा द्यायच्या आणि वर विचारायच्या, "बरोबर प्येढा देऊ का येक?"

मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली निकामी होता. ऐन उमेदीत दरडीवरून घसरून दगडाखाली सापडला होता. धनगराचा पाय गेला म्हणजे काय गेलं, हे वस्तीत राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळी झाली की सगळी वस्ती घोड्यांवर पालं, भांडी, कोंबड्या, लेकरं लादून मेंढरं घेऊन निघायची, ती थेट पैठणच्या बाजूला, गोदाकाठच्या शेतांत. तिथं शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत. मृगाच्या तोंडावर कळप परत यायचे. तोवर वस्तीवर कुलपं नव्हती, कारण चोरण्यासारखं काही नव्हतं. दाराला काट्याची फांदी लावली की घर बंद. आणि त्या बंद घरांमध्ये एकटे मामा. मामी, मुलगा बिरू, सगळे कळपाबरोबर जायचे. मेंढरं माणसासाठी थांबत नाहीत आणि मामांना मेंढरांमागं चालता येत नव्हतं, एवढा साधा हिशोब होता. "मी हितं मांजरं राखतो," असं ते म्हणायचे. मांजर एकच होतं.

कळपाबरोबर जाता येत नाही म्हटल्यावर मामांनी आपला इस्तू पाठवायला सुरुवात केली. रझाकारीच्या दिवसांत गावं उठली, बाजार बसेनासे झाले, तेव्हा विशीतले मामा बापाबरोबर मेंढरं घेऊन कित्येक महिने डोंगरात लपून होते. काडेपेटी डोळ्याला दिसत नव्हती. तेव्हा बापानं हाताला धरून ही विद्या शिकवली. सावरीची बोंडं उकलली की आतला कापूस गोळा करायचा. जुन्या धोतराच्या, पटक्याच्या चिंध्या डबीत कोंबून, झाकणाला खिळ्याएवढं भोक ठेवून डबी गोवऱ्यांच्या आरात ठेवायची. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायची आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली, वारा आत गेला, की सगळ्याची राख. तो जळका काळा कपडा कुस्करून सावरीच्या कापसात चोळला की मामांचा माल तयार. पावसाळाभर हेच चाले. दिवाळीपर्यंत प्रत्येक घराची डबी भरलेली असायची: कुणाची तपकिरीची, कुणाची जर्द्याची, मामींची बिस्किटाच्या पुड्याएवढी चपटी, जुनी, निळा रंग उडालेली.

डबी देताना मामांचं एकच वाक्य ठरलेलं. "कापूस सरला की घरला या." आणि कापूस ते असा अंदाजानं भरायचे की तो मृगाच्या सुमारास सरलाच पाहिजे. कळप परतला की आधी प्रत्येकजण मामांच्या दारात यायचा आणि रिकामी डबी द्यायचा. दाराशेजारी भिंतीत एक लांबट कोनाडा होता. मामा डबी फडक्यानं पुसायचे आणि पालथी घालायचे, झाकण खाली, बूड वर. पाली-झुरळं आत जाऊ नयेत म्हणून. पालथी घालताना म्हणायचे, "आलं मानूस घरला." सगळ्या डब्या पालथ्या झाल्या की मामा त्या रात्री पोटभर जेवायचे, असं मामी सांगायच्या. हिवाळा-उन्हाळा तो कोनाडा रिकामा असायचा आणि मामा त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

त्या कोनाड्यावरून एकदा मोठा गोंधळ झाला. बिरूचं लग्न झालं आणि सून आली, सुभद्रा. खालच्या मुलखातली, शेतकरी वस्तीत वाढलेली, कामाला वाघीण. सासरे बाजाराला गेलेले पाहून तिनं कोनाड्यातल्या काळ्याकुट्ट डब्या खाली काढल्या, राखेनं घासून चकचकीत केल्या आणि आत ऊन जावं म्हणून एकूण एक सुलट्या मांडून ठेवल्या. मी मामांबरोबरच वर चढत होतो. अंगणात पाय ठेवला आणि मामांची काठीच गळाली. सगळ्या डब्या सरळ! पालथी डबी म्हणजे माणूस घरात, मग सरळ म्हणजे सगळी माणसं बाहेर! वस्ती समोर गजबजलेली, पोरं खेळताहेत, मामी जोंधळे पाखडताहेत, आणि मामा भिंतीला धरून घामाघूम. मामींनी वर पाहिलं आणि सूप आपटलं. "मान्सं म्होरं बसल्याली दिसत न्हायत आन् डब्या दिसत्यात व्हय तुमाला?" मामा ओशाळून हसले. पण एकेक डबी पालथी घातल्याखेरीज ते पाण्याचा घोटही प्यायले नाहीत. सुभद्रा बिचारी रडकुंडीला आली होती. तिला मामांनी जवळ बसवून सांगितलं, "तुजी काय चूक न्हाय पोरी. तुला घासाया येतं, मला मोजाया येतं."

कळप गेल्यावर मामांचा दिवस कसा जायचा हे मी विचारलं नाही, कारण माझाही दिवस कुणी विचारू नये असंच मला वाटे. पण दिवेलागणीचं त्यांचं एक ठरलेलं होतं. सूर्य कड्याआड गेला, की चूल पेटवायची असो वा नसो, मामा अंगणातल्या दगडावर दक्षिणेकडे तोंड करून बसायचे आणि ठिणगी पाडायचे. मला वाटलं काही देवाचं असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "देवाचं कशाचं? तिकडं ती याच वक्ताला चूल पेटवती. ती तिकडं ठिनगी पाडती, मी हिकडं पाडतो. दोगांचा येकच कापूस हाय." आणि फुंकर घालत, "लई लांब वाटत न्हाय मग." माझ्या माहितीत इतकं सरळ प्रेम कुणी केलेलं नव्हतं, आणि माझी स्वतःची तर कुणाशी एक ठिणगीसुद्धा सामाईक नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला, हे मी सांगून टाकतो.

काळ काही मामांच्या कापसासाठी थांबला नाही. काडेपेटी मुबलक झाली. तरुण पोरांना चंची बांधायची लाज वाटू लागली. काहीजण मामांचं मन राखायला डबी नेत आणि तशीच भरलेली आणून देत. पुढं तीही तसदी कुणी घेईना. दिवाळी झाली, कळप निघाले, आणि कोनाड्यात डब्या तशाच पालथ्या राहिल्या. त्या वर्षी मी गेलो तर मामा कोनाड्यासमोर बसले होते. म्हणाले, "डब्या घरात आन् मान्सं रानात. आता मोजायचं कसं, डाक्टर?" त्यांचा राग नव्हता कुणावर. सगळ्या ओळीत एकच जागा रिकामी होती, ती मामींच्या निळ्या डबीची. बिरूच्या खिशात काडेपेटी असायची, पण मामी त्याला चुलीजवळ येऊ देत नसत. "मला तुज्या काडीचा वास सोसत न्हाय," म्हणून सांगायच्या. मला आजही खात्री आहे की वासाचं काही खरं नव्हतं.

त्या उन्हाळ्याची दुपार मला विसरता येत नाही. होळी होऊन गेली होती, पळस झडला होता. मामा सावरीच्या झाडाखाली कापूस वेचत होते आणि मी त्यांच्याशेजारी बसून नुसतीच बडबड करत होतो. खालच्या वाटेनं एक माणूस चढताना दिसला. कळप नाही, घोडं नाही, काठीसुद्धा नाही. बिरू होता. मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तो पुरता जवळ येण्याआधीच हाक मारली, "इतक्यात सरला व्हय रं कापूस?"

बिरूनं सदऱ्याच्या आतून निळी डबी काढली आणि बापाच्या हातात दिली. मामांनी ती कानाशी नेऊन हलवली, मग झाकण उघडलं. "निम्मा हाय," ते म्हणाले. तेव्हा बिरूनं सांगितलं. मामींना चार दिवस ताप. शेतकऱ्यानं बैलगाडीतून दवाखान्यात न्यायची तयारी केली, पण वाटेतच गेल्या. तिथंच गोदेच्या काठी सगळं उरकावं लागलं. कळप सोडून निघता येईना, निरोप कुणाबरोबर पाठवावा कळेना. आज दुसऱ्याच्या हवाली मेंढरं करून तो पहिल्या एसटीनं निघाला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "कवा?" "आइतवारी," बिरू म्हणाला. मामा आपल्या हातांकडे बघत राहिले. "म्हंजी आइतवारपसनं मी येकलाच पाडीत व्हतो," ते म्हणाले. त्यानंतर त्यांना जे रडू आलं, ते बघत बसणं मला जमलं नाही. मी उठून मेंढरं नसलेल्या मेंढवाड्याकडे निघून गेलो आणि तिथं मीही रडलो.

मामींची डबी पालथी घालता येईना. आत कापूस होता. कोनाड्यातल्या सगळ्या पालथ्या डब्यांत ती एकटी सरळ उभी राहिली. दिवस झाले, बिरू पुन्हा कळपाकडे गेला, आणि मामा पुन्हा एकटे. मग माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी ते आता दोनदा ठिणगी पाडतात. एक स्वतःच्या डबीतली, आणि एक त्या निळ्या डबीतली, अगदी चिमूटभर. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, मामींची तेवढीच आठवण उरली आहे. जपून ठेवा की. जाळून कशाला टाकता?" मामांनी माझ्याकडे, लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "ठिवून काय करू? निम्मी डबी ठिवली तर ती वाटंतच ऱ्हाईल. कापूस सरला की घरला या, आसं मीच तिला सांगितलंया न्हवं? तिच्या हातनं सरला न्हाय. आता मी सरवतो." ते इतकं सहज म्हणाले की मला हसावं की काय करावं कळेना.

शेवटची चिमूट जळाली त्या संध्याकाळी मी तिथं होतो. मुद्दाम थांबलो होतो. मामांनी सकाळीच अंगण सारवून घेतलं होतं, चुलीपुढं दोन पाट मांडले होते. ठिणगी एकदा विझली, दुसऱ्यांदा धरली. त्या विस्तवावर त्यांनी चहा केला आणि माझ्या कपाशिवाय आणखी एक कप भरून पाटाजवळ ठेवला. मग डबी उलटी करून तळहातावर झटकली. काही पडलं नाही. फडक्यानं पुसली आणि कोनाड्यात पालथी घातली, झाकण खाली, बूड वर. "आलं मानूस घरला," म्हणाले. त्यानंतर ते दक्षिणेकडे तोंड करून बसलेले मला कधी दिसले नाहीत. त्यांची पाठ आता वाटेला आणि तोंड कोनाड्याला असायचं.

पुढं बिरूनं मेंढरं विकली. वाळूजला कारखाने आले होते, त्याला काम लागलं आणि त्यानं बजाजनगरात दोन खोल्या घेतल्या. बापाला तो हट्टानं घेऊन गेला. मामा तिथं आठवडाभर कसेबसे टिकले. एका संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी ठिणगी पाडली, तर कुठंतरी वायर जळतेय म्हणून अख्खी इमारत धावत वर आली. "कुनी वरडलं न्हाय मला," मामा परतल्यावर सांगत होते. "चांगली मान्सं हायेत. सुबद्रानं तर ग्यास पेटवाया शिकवला. बटन फिरवलं की भडका. पन डाक्टर, त्यो इस्तू कुनाचा हाय त्येच कळंना." बिरू मग सुटीच्या दिवशी पीठ-मीठ घेऊन वर यायचा, दिवसभर थांबायचा आणि संध्याकाळच्या बसनं जायचा. यापेक्षा जास्त त्यानं काय करायला हवं होतं, ते मला सांगता येणार नाही.

माझी बदली झाली तेव्हा मामांनी मला डबी दिली. इतक्या वर्षांत मला कधी दिली नव्हती, कारण मी कुठं जाणारा नव्हतो. गारगोटी त्यांनी स्वतः निवडली होती, कानशीचा तुकडा घासून हाताला बसेल असा केला होता. "चांगला दाबून भरलाय," ते म्हणाले. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. तरी ते त्यांनी म्हणावं म्हणून मी थांबलो. "सरला की घरला या." औरंगाबादच्या घराला कुलूप लावून मी निघालो होतो, तेव्हा मला असं कुणी म्हणालं नव्हतं.

परभणीच्या पलीकडं सरकारी खोलीत मी रोज संध्याकाळी त्या डबीतली चिमूट काढायचो. सुरुवातीला बोटं सोलून निघाली. मग जमलं. शेजारचा कारकून दारातून डोकावून हसायचा, तर मी त्याला सांगायचो की काडेपेट्या सादळल्या आहेत. कापूस सरला त्याच आठवड्यात मी रजा टाकली. वेरूळला एसटीतून उतरलो आणि चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाल्यानं मला ओळखलं आणि चहा ओतता ओतता थांबला. "डाक्टरसाब, मामा गेले ना. संक्रांतीच्या आधी. बिरू आला सुटीला तर निजल्याजागीच."

मी तरीही वर गेलो. वस्ती बाहेर गेलेली. मामांच्या दाराला काट्याची फांदी लावली होती, आणि ती बिरूनं फार नीट लावली होती. कोनाड्यात धुळीनं माखलेल्या डब्या होत्या, सगळ्या पालथ्या, त्यांत निळी डबी. आणि कडेला एक सरळ उभी होती, मामांच्या चंचीतली. झाकण उघडलं. निम्मा कापूस होता.

माझी रिकामी डबी मी पुसून पालथी घातली. पुढचं वाक्य मात्र मला स्वतःलाच म्हणवलं नाही. मामांची डबी खिशात घालून खाली उतरलो. रजा संपल्यावर पुन्हा त्या खोलीत रोज एक चिमूट, दिवेलागणीला, अंदाजानं वेरूळच्या दिशेला तोंड करून. घाई केली नाही. घाई केली की सगळ्याची राख होते हे मामांनीच शिकवलं होतं.

कापूस सरला तेव्हा मृग तोंडावर आला होता. मी वर गेलो. कळप अजून परतायचे होते, पठारावर वारा सुटला होता. फडकं घरूनच नेलं होतं. डबी आतून-बाहेरून पुसली आणि मामींच्या निळ्या डबीला लागून पालथी घातली, झाकण खाली, बूड वर.

"आलं मानूस घरला," मी म्हणालो. ते म्हणायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.